साथ आली तर बाजाराचे काय करायचे?

या सदराच्या वाचकांपैकी एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांच्या गावचा आठवडे बाजार २०२० मध्ये कित्येक महिने भरलाच नाही. भाजीवाल्या बायका टोपल्या घेऊन गल्लोगल्ली चोरून फिरत, पोलिस आले की पळत, आणि जी गर्दी मैदानात होऊ नये म्हणून बाजार बंद केला ती शेवटी अरुंद बोळात व्हायची. ते विचारतात, "पुन्हा तशी साथ आली तर बाजार बंद करण्यावाचून दुसरा काही उपाय आहे की नाही?"

आहे. पण तो समजण्यासाठी बाजार जरा जवळून पाहावा लागेल. माझा दवाखाना पुण्यात गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या जवळ आहे. आपल्या जिल्ह्यातून रात्री निघालेला भाजीचा टेम्पो पहाटे जिथे रिकामा होतो तेच हे मार्केट यार्ड. हमाल, तोलणार, आडते, गाळ्यावरचे दिवाणजी, टेम्पोचालक, कांदा-लसूण निवडणाऱ्या बायका हे माझे नेहमीचे रुग्ण. त्यामुळे हा प्रश्न मी त्यांच्याकडे पाहूनच सोडवणार आहे. आपल्या तालुक्याची बाजार समिती लहान असली तरी कामाची रीत तीच असते.

आधी रोगाची वाट ओळखा

साथ म्हटली की बाजार, शाळा, देवळे बंद करा, ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. वास्तविक पहिला प्रश्न हा हवा की रोग पसरतो कशातून? पाण्यातून, हवेतून, की उंदीर-डासांसारख्या प्राण्या-कीटकांमार्फत? उपाय या उत्तरावर अवलंबून असतो.

पुण्याचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला, 'गुइलेन बारे सिंड्रोम'चे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाणे हे त्याचे मुख्य लक्षण. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर' हे जिवाणू सापडले. हे जिवाणू दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातात. अशा वेळी मंडई बंद ठेवून काय साधणार? तिथे पाण्यात क्लोरीन पुरेसे आहे की नाही हे नळाच्या शेवटच्या टोकाला जाऊन तपासणे, विहिरी पाहणे, पाणी उकळून प्यायला सांगणे हेच काम होते.

प्लेगची गोष्ट आणखी वेगळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्रथम ओळखले ते मांडवी भागात. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे पिसवा. उंदीर मेले की उपाशी पिसवा माणसाला चावतात. हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये उघड केला, तोही इथेच, हिंदुस्थानात काम करताना. आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या मामला गावी ऑगस्ट १९९४ मध्ये गाठीचा प्लेग पुन्हा दिसला, तेव्हा उंदरांची संख्या का वाढली याचा शोध घेताना किल्लारीच्या भूकंपानंतर घराघरांत आणि पडक्या जागांत राहिलेल्या धान्याकडे बोट दाखवले गेले. अशा रोगात भुसार बाजारातली पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवणे आणि बिळे बुजवणे याला मोल आहे. माणसांनी सहा फुटांवर उभे राहून उंदीर हटत नाही.

कोरोना आणि फ्लू हवेतून येतात. पहाटेचे मार्केट यार्ड डोळ्यांपुढे आणा. गाळ्यावर बोली लावताना माणूस ओरडतो, आणि मोठ्याने बोलताना तोंडातून निघणारे सूक्ष्म थेंब साध्या बोलण्याच्या कितीतरी पट असतात. हमाल पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन चालतो, त्याला धाप लागते. तोंडाचा मास्क दहा मिनिटांत घामाने ओला, आणि ओल्या मास्कमधून श्वास घेणे जड म्हणून तो हनुवटीवर. वरून मोकळे आकाश असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. बंद गाळ्यात, चहाच्या टपरीच्या आडोशाला, टेम्पोच्या केबिनमध्ये तीन-तीन माणसे बसतात तिथे तो वाढतो. रात्री गाळ्यातच अंथरूण टाकणारे लोक तर सात-आठ तास तीच हवा घेतात. म्हणजे बाजाराच्या उघड्या जागेपेक्षा त्याच्या कोपऱ्याकापऱ्यांना आधी हात घालायला हवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २०२० मध्ये ठिकठिकाणी बाजाराच्या दारात फवाऱ्याच्या कमानी उभारून आत जाणाऱ्या माणसांवर सोडियम हायपोक्लोराइट मारले गेले. माणसाच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच कळवले होते. शरीरात शिरलेला विषाणू त्याने मरत नाही. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आणि फवारा घेतला म्हणून माणूस निर्धास्त होतो. पुन्हा कोणी अशी कमान घेऊन नगरपालिकेत आला तर त्याला नमस्कार करून परत पाठवावे. त्या पैशांत हात धुण्याचे दहा नळ होतात.

१८९७ चा मार्च

पुण्याने साथीचा सर्वांत कटू अनुभव १८९७ मध्ये घेतला. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. तेव्हा चारच कलमांच्या असलेल्या या कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. लोकांच्या पोटापाण्याचे काय करावे याविषयी त्यात अवाक्षर नाही. वॉल्टर चार्ल्स रँड हे प्लेग समितीचे प्रमुख. मार्चच्या मध्यापासून गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. देवघरात, माजघरात बुटांनिशी शिरणे, बायकांची तपासणी, सामानाची होळी, धरून नेलेल्या माणसाचा पत्ता नाही. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

डॉक्टर या नात्याने मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. धाकामुळे लोकांनी रोगी लपवले. माळ्यावर, अडगळीत, नातेवाइकांच्या गावी. कोणत्याही साथीत लपलेला रोगी हा स्वतःच्या जिवाला आणि शेजाऱ्यालाही सर्वांत धोक्याचा, कारण त्याला उपचारही नाहीत आणि इतरांना सावध होण्याची संधीही नाही.

त्याच पुण्यात, त्याच दिवसांत, हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालयही निघाले. या ठिकाणी रोगी आपण होऊन आणले जात होते. औषध तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. ओळखीचा माणूस आणि आपुलकीची वागणूक, एवढाच फरक होता. पण तेवढ्याने रोगी लपायचा थांबतो.

पन्नास दिवस बंद

आता २०२० कडे येऊ. महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोना रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले आणि महापालिकेच्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात दाखल झाले. १३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला; हो, तोच १८९७ चा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या मध्यवर्ती पेठा, कोंढवा आणि महर्षीनगरपासूनचा भाग सील झाला, म्हणजे पत्रे आणि बांबू मार्केट यार्डाच्या उंबऱ्यापर्यंत आले. १० एप्रिलपासून यार्डातील फळे-भाजीपाला आणि कांदा-बटाटा विभाग बंद झाले. ते उघडले ३१ मे रोजी.

या पन्नास दिवसांत पुणेकर उपाशी राहिले का? नाही. भाजी आलीच. मांजरी, मोशी, खडकी, उत्तमनगर इथल्या उपबाजारांवर भार वाटला गेला. शेतकरी गटांचे टेम्पो थेट सोसायट्यांच्या दारात लागले. कोकणातल्या बागायतदारांनी हापूसच्या पेट्या फोनवरून मागणी घेऊन घरपोच दिल्या. टाळेबंदीपूर्वी कोणी बैठकीत म्हटले असते की मार्केट यार्डाचा माल चार-पाच ठिकाणी विभागा, तर 'अशक्य' असे एकमुखी उत्तर आले असते. अडल्यावर ते जमले, आणि जमले म्हणूनच माझा आग्रह आहे की बाजार आधी विभागावा, बंद करण्याची वेळ शक्यतो येऊच देऊ नये.

याउलट काय होते ते चेन्नईत दिसले. तिथला कोयंबेडू हा आशियातल्या मोठ्या भाजीबाजारांपैकी एक. तो एप्रिलभर चालू राहिला, गर्दीही राहिली. मग रुग्ण एकदम वाढले आणि ५ मे २०२० रोजी बाजार बंद केला. पण तोवर तिथले कामगार काम सुटल्यामुळे आणि भीतीने आपापल्या गावी निघाले होते. कडलूर, विळुपुरम, अरियलूर अशा जिल्ह्यांत त्यांच्याबरोबर रोग पोहोचला. सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली तेव्हाही लाखो लोक काही दिवसांत शहर सोडून गेले होते. त्या दोन्ही वेळा माणसे गेली, कारण राहिलो तर खाणार काय आणि आजारी पडलो तर पाहणार कोण, याची हमी कोणी दिली नव्हती.

(सुरतेचे पुढचे प्रकरण आनंदाचे आहे. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकार विभागांकडे वाटून दिले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले, आणि काही वर्षांतच ते शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. नगरपालिका मनावर घेते तेव्हा काय होते, याचा एवढा चांगला धडा दुसरा नाही.)

हमालाची चिठ्ठी

मार्केट यार्डात हमालाला पगार नाही. जितके नग उचलेल तितकी हमाली. बाजार बंद त्या दिवशी कमाई शून्य. आणि बाजार चालू असून तो आजारी पडला तरीही शून्य. साथीच्या काळात या दुसऱ्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष नसते.

यार्ड उघडल्यानंतरच्या दिवसांत एक पन्नाशीचे हमाल माझ्याकडे आले. अंगात बारीक ताप, कोरडा खोकला, सकाळी क्रोसिन घेऊन कामावर जाऊन आलेले. मी म्हटले, "मामा, तपासणी करून घ्या आणि अहवाल येईपर्यंत घरी बसा. रोग निघाला तर चौदा दिवस." ते शांतपणे म्हणाले, "बसतो की डाक्टरसाहेब. पन चौदा दिस खायाचं काय, ते बी लिहून द्या चिठ्ठीवर."

औषधाची चिठ्ठी लिहिणे माझ्या हातात होते. दुसरी चिठ्ठी लिहिणारा कोणीच नव्हता. असा माणूस मनाने वाईट नसतो, अडाणीही नसतो. त्याला घरी बसणे परवडत नाही, म्हणून तो तापाची गोळी घेऊन शंभर माणसांत जातो. पोलिसांचा दंडुका याला उपयोगी नाही, आणि दारावरची ताप मोजणारी बंदूकही नाही. क्रोसिन घेतलेल्याचा ताप तिला दिसतच नाही.

घरी बसला तरी घर कसले? २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात पुण्याच्या पाच प्रभागांत रक्ताची पाहणी झाली. तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिद्रव्ये सापडली, म्हणजे निम्म्यांना तो रोग नकळत वा कळत होऊन गेला होता. सर्वाधिक प्रमाण होते लोहियानगर-कासेवाडी या दाट वस्तीत. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ते सुमारे ६२ टक्के आणि घरचे शौचालय असणाऱ्यांत सुमारे ४५ टक्के भरले. एका खोलीत सहा माणसे आणि वीस घरांत एक संडास असेल तर 'विलगीकरण' हा शब्द सरकारी कागदावरच शोभतो. तिथे नगरपालिकेने शाळेची किंवा मंगल कार्यालयाची जागा द्यायची, आणि तिथे दोन वेळचे जेवण, पंखा आणि स्वच्छ संडास असायचा. तो असेल तर माणसे स्वतःहून येतात.

पुण्याला या बाबतीत एक भांडवल आयते मिळाले आहे. डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. तिच्याच चळवळीतून पुढे १९६९ चा माथाडी कायदा येण्यास बळ मिळाले, आणि १९७४ पासून 'कष्टाची भाकर' या केंद्रांतून कष्टकऱ्यांना स्वस्तात झुणका-भाकर मिळू लागली. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मधली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, आणि सगळे शहर दारे लावून बसले असताना तिच्या सदस्य बायका दारोदार कचरा गोळा करत होत्या. साथीत अशा संघटनेची किंमत कळते. तिच्याकडे माणसांची नावे असतात. कोण कुठे राहतो, कोणाला मधुमेह आहे, कोण चार दिवस कामावर दिसला नाही, हे तिच्या टोळीच्या मुकादमाला तोंडपाठ असते. आरोग्य खात्याचा कर्मचारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याला हे कळायला पंधरा दिवस लागतात, आणि साथीत पंधरा दिवसांत रुग्ण कितीतरी पटींनी वाढलेले असतात.

लसीचेही तसेच. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले. पुढे सर्वांसाठी लस खुली झाली तेव्हा माझ्या ओळखीचे बरेच हमाल मागे राहिले होते. विचारल्यावर कारण साधे निघाले. केंद्र सकाळी दहाला उघडायचे, आणि पहाटे तीनपासून राबलेला माणूस तेव्हा झोपलेला असायचा. पहाटेच्या बाजारात, ओळखीच्या मुकादमाने स्वतः आधी दंड पुढे केला, तर रांग लागायला वेळ लागत नाही.

तुमच्या गावचा बाजार

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे. हवेतून पसरणाऱ्या रोगात आठवडे बाजार चालू ठेवायचा असेल तर तो बोळातून उचलून शाळेच्या किंवा यात्रेच्या मैदानात न्यावा. फक्कीने दहा-दहा फुटांवर चौकोन आखावेत. एका दिवसाचा बाजार दोन दिवसांत वाटावा. मार्केट यार्डही पुन्हा उघडले तेव्हा एकाच वेळी सगळे गाळे न उघडता ते आलटून पालटून उघडण्याची पद्धत ठेवली होती. घाऊक माल पहाटे, किरकोळ विक्री नंतर. दोघांची गाठ पडू देऊ नये. भाव पाटीवर खडूने लिहावा, म्हणजे ओरडणे वाचते. चहाची टपरी मोकळ्यावर आणावी. हमालांना दिवसाला तीन-चार कोरडे मास्क मिळावेत. बंद खोलीत लिलाव किंवा बैठक नको.

ताप-खोकला असलेल्याने घरी राहावे. बोटावर लावायच्या ऑक्सिमीटरवर प्राणवायू ९४ च्या खाली दिसला, किंवा सहा मिनिटे चालल्यावर तो खाली उतरला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. असे चार ऑक्सिमीटर बाजार समितीच्या कार्यालयात असावेत.

आणि आजारी हमालाला, भाजीवालीला घरी बसवायचे तर तिच्या हाती काहीतरी पडले पाहिजे. बाजार समिती प्रत्येक व्यवहारावर बाजार फी घेते. तिच्यातला अगदी छोटा वाटा 'आजारपणाचा निधी' म्हणून दरवर्षी बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निम्मी हजेरी आणि घरी शिधा एवढे जरी मिळाले तरी तापाची गोळी घेऊन बाजारात येणारे बहुतेक लोक येणार नाहीत. व्यापारी म्हणतील, हा खर्च आम्ही का करावा? त्यांनी पन्नास दिवसांच्या बंदचा स्वतःचा हिशेब काढून पाहावा.

नगर भागातल्या हिवरे बाजारने २०२१ मधल्या दुसऱ्या लाटेत पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावातल्याच स्वयंसेवकांची पथके करून घरोघर चौकशी ठेवली, लक्षणे दिसताच तपासणी आणि उपचार केले, आणि मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झाले. जूनमध्ये राज्य सरकारने कोरोनामुक्त गावांची स्पर्धाच जाहीर केली. त्या गावात पाणी आणि रानाच्या कामासाठी लोक आधीपासूनच एकत्र येत होते, म्हणून पथके एका दिवसात तयार झाली. ज्या गावात एरवी ग्रामसभेला दहा माणसे जमत नाहीत तिथे साथीच्या दिवशी शंभर कुठून आणणार?

तेव्हा गुरुजी, साथीची वाट न पाहता येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडा. बाजारात बसणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याची आणि हमालाची यादी, तिच्यात वय, मोबाइल नंबर आणि जुने आजार. बाजार हलवायचे मैदान कोणते, त्याला पाणी आणि संडास आहे का. आणि यादीतला माणूस आजारी पडला तर त्याचा शिधा कोणत्या खात्यातून निघेल. पहिल्या दोन्हींना कोणी विरोध करणार नाही. तिसऱ्यावर वाद होईल. तो इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या सभेत पुन्हा काढा.